डिस्क क्रमांक बारा

रविवार, २ नोव्हेंबर

आज तालिबच्या दुकानात गेमच्या कंपनीशी माझी जुंपली. कंपनीला त्याचा पत्ता नाही, हा भाग वेगळा.

शनिवार पेठेतल्या त्या दुकानात आम्ही चौघं दर रविवारी अकराला जमतो. तालिब गेमच्या जुन्या डिस्क विकतो आणि कंट्रोलर दुरुस्त करतो. नारायण पेठेतल्या माझ्या वाचनालयात तो शाळेत असल्यापासून यायचा, म्हणून मला अजून ‘बाई’ म्हणतो. बाकीच्यांची मी काकू. पुष्कर हिंजवडीला नोकरीला आहे आणि कंपनीने काहीही केलं तरी त्याला त्यात दूरदृष्टी दिसते. अक्षता लॉ कॉलेजात शिकते, कॉट बेसिसवर राहते. आणि चौथी मी, चौसष्ट वर्षांची निवृत्त ग्रंथपाल. लोक हसतात. हसोत बापडे.

तर कंपनीने जाहीर केलंय की महिन्याची वर्गणी वाढणार. पुढच्या वर्षी नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा, येणार आणि त्याला डिस्क घालायला फटच नसणार. म्हणजे खेळ विकत घेऊन कपाटात ठेवायची सोय संपली. वर्गणी भरा, कंपनी ठेवील तोवर खेळा, काढून घेतला की गप्प बसा.

पुष्कर म्हणाला, “काकू, आता डिस्क कोण सांभाळत बसतं? एका वर्गणीत दोनशे गेम मिळतात.”

मी म्हटलं, “माझ्या वाचनालयात तीस हजार पुस्तकं होती. पण वाचक अर्ध्यावर असताना त्याच्या हातातून पुस्तक काढून आणायला मी कधी कुणाच्या घरी गेले नाही.”

तालिब हसला. मग त्याने मोबाइलवर यादी वाचली, ३० नोव्हेंबरला सेवेतून काढले जाणारे खेळ. सातवं नाव आमच्या खेळाचं होतं. माझं पुढचं ऐकणंच बंद झालं. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की या कंपनीची वर्गणी मी आजपासून बंद करतेय.

घरी येऊन बंद केलेली नाही. केली तर खेळ आजच जाईल. हे आमच्या रविवारच्या मंडळाला कळवायची गरज नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वही कुणी वाचणार नाही, पण काल रागात अर्धंच लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी अनंतला झटका आला. (तोंडावर ‘अहो’, वहीत ‘अनंत’. चाळीस वर्षांचा नियम आहे.) उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘चहा’ एवढं उरलं. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, बोटांना चाळा म्हणून गेमचा कंट्रोलर द्या. भाच्याचा जुना कन्सोल आणला. एका हाताने कुठे जमायला? दोन दिवसांनी अनंतने तो सोफ्यावर टाकून दिला. मग मी शेजारी बसले. डावीकडची दांडी त्याच्या अंगठ्याखाली, उजवीकडची बटणं माझ्या. चालवणार तो, बाकीचं मी. तेव्हापासून रोज चार ते सहा हा आमचा फिरायला जायचा वेळ.

खेळ एका घोडेस्वाराचा आहे. डोंगराळ मुलूख, गावं लांब लांब, आणि त्याच्या पिशवीत सतरा पत्रं. एकेक पत्र पोचवायचं. मारामारी जवळजवळ नाही. दीड वर्षात आमची नऊ पत्रं पोचली. आठ उरली आहेत आणि दिवस अठ्ठावीस.

अवघड नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कादंबऱ्या संपवून परत करणारे वाचक मी पाहिलेत. वेळापत्रक करून टीव्हीच्या कपाटाला चिकटवलं. साडेतीन दिवसांना एक पत्र. कंपनी परत न्यायला येईल तेव्हा आमचं वाचून झालेलं असेल.

अनंतने वेळापत्रक बराच वेळ पाहिलं. “नको,” म्हणाला. चहाचं म्हणत असावा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दहावं पत्र पोचलं, पण माझ्या डोक्याला ताप देऊन. रस्ता सरळ घाटातून वर जातो. अनंत मात्र घोडा नदीकडे उतरवतो. नदीकाठी कुणी नाही, काही मिळत नाही, पत्र तर मुळीच नाही. आज तर एका ओसाड टेकडीवर चढून तो चहूकडे पाहत राहिला. मी म्हटलं, अहो, तारीख बघा. त्याने घोडा वळवला, पण नाइलाजाने.

आयुष्यभर मोजणी खात्यात होता. जिल्ह्यातला एकही बांध पाहायचा ठेवला नाही. ती सवय गेली नाही अजून.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मंडळात माझी योजना मांडली. दिवाळी अंकांची फिरती योजना मी अठरा वर्षं चालवली. पंचवीस घरं, चाळीस अंक, आठवड्याला अदलाबदल, एकही अंक हरवला नाही. तसंच डिस्कचं करायचं. प्रत्येकाने आपल्याकडच्या डिस्क आणायच्या, मी त्यांना खाकी कव्हर घालून क्रमांक देणार आणि त्या घरोघर फिरवणार. कंपनीने नव्या कन्सोलला फट ठेवली नाही तर जुना वापरू. आमच्या घरातलं काय काढून टाकायचं, ते तिने ठरवायचं नाही.

तालिबने लगेच सहा डिस्क काढून दिल्या. पुष्कर म्हणाला, त्याच्याकडे डिस्कच नाहीत आणि नवा कन्सोल तो पहिल्या दिवशी घेणार आहे. मी म्हटलं, अवश्य घे, तुझ्यासारख्यांच्या जिवावरच कंपनी आमच्यासारख्यांना विचारत नाही.

 अक्षता म्हणाली, “काकू, तुमच्याकडे कपाट आहे. माझ्याकडे एक कॉट आहे आणि खाली एक बॅग. वर्गणी आम्ही खोलीतल्या चौघी मिळून भरतो. ती नसती तर यातलं एकही मी कधी खेळले नसते.”

मी म्हणाले, भाड्याच्या घराची सवय लागली की मालक सांगेल ते ऐकावं लागतं. तालिबने माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. घरी परतताना ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला मी भाड्याच्या घरावर बोलले. मुद्दा बरोबर होता. माणूस चुकला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आमचा खेळ काढू नका म्हणून कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. इंग्रजीत, मुद्देसूद, एका पानात. आमच्याकडे एक आजारी माणूस आहे हे लिहिलं नाही. दया मागत नाहीये, हक्काचं विचारतेय. एका मिनिटात उत्तर आलं की माझ्या भावना त्यांच्यासाठी मोलाच्या आहेत आणि घोडा आवडत असेल तर कोंबड्या पाळायचा एक नवा खेळ आला आहे.

माणसाने लिहिलेलं असतं तर भांडले असते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अकरावं पोचलं आणि बारावंही. एका बैठकीत दोन! वाटेत गावकरी बोलायला थांबवतात, ते सगळं मी बटण दाबून पुढे ढकललं. अनंतने मध्येच अंगठा उचलून घेतला. हात दुखला असेल. तेल लावून दिलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज खेळायला “नको” म्हणाला. तीनदा विचारलं, तीनदा नको. तारीख तर पुढे जात नाही. मी एकटीने दोन्ही अंगठे चालवून तेरावं पोचवलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. हवा बदलली की असा मलूल होतो.

कंपनीला काय जातंय? एक ओळ यादीत टाकायची. इथे माणसाचा दिवसातला एकच आनंद आहे आणि मला तो धावत धावत भरवावा लागतोय. संताप होतो नुसता.

रविवार, १६ नोव्हेंबर

तालिबने बातमी दिली. आमच्या खेळाच्या डिस्क भारतात आल्याच नव्हत्या, पण त्याची वहिनी रुकसाना दुबईला असते, तिला तिथल्या एका दुकानात एक मिळाली. एका नातेवाइकाबरोबर पाठवतेय. म्हणजे ३० तारखेनंतरही खेळ आमच्या घरात राहणार, कंपनीच्या नाकावर टिच्चून.

पुष्करला मी हे दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, एक डिस्क मिळवायला दोन देश लागले, हे त्याच्याच बाजूचं उदाहरण आहे. मी त्याच्या वाट्याचं बिस्किट खाल्लं.

अक्षता आली नव्हती. परीक्षा असेल.

वेळापत्रक मात्र चालूच ठेवणार. येणारं पुस्तक कपाटात येईपर्यंत मोजायचं नसतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पंधरा पोचली. हल्ली अनंत घोडा नदीकडे नेत नाही. मी सांगेन तिकडे जातो. शेवटी शिस्त लागली म्हणायची. सहा वाजायच्या आतच अंगठा काढून घेतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काय करून बसले!

दुपारी तालिब स्वतः डिस्क घेऊन आला. मी तिला रीतसर दाखल केलं. खाकी कव्हर, रजिस्टरला नोंद आणि डिस्कवर डिंकाने कागदाची पट्टी, क्रमांक बारा. बाकीच्या अकरांनाही, तालिबच्या सहा आणि भाच्याच्या कन्सोलबरोबर आलेल्या पाच, तसंच केलं होतं. पुस्तकाला क्रमांक नसेल तर ते कुणाचंच नसतं, ही पस्तीस वर्षांची सवय.

चार वाजता डिस्क फटीत सरकवली. आतून दळण दळल्यासारखा आवाज आला, मग करकर, मग काहीच नाही. डिस्क बाहेर येईना, कन्सोल सुरू होईना. तालिबला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “बाई, डिस्कला काही चिकटवलंत का?” मी म्हटलं, क्रमांक.  बाहेरच्या देशातून आलेली डिस्क आणि चालू कन्सोल मी एका पट्टीने बंद पाडले. कंपनीला जे सहा दिवसांनी करायचं होतं ते मी आजच करून दिलं.

तालिब कन्सोल घेऊन गेला. पार्ट मिळाला तर शनिवारपर्यंत म्हणतो. उरलेल्या अकरा डिस्कवरच्या पट्ट्या मी ओल्या कापसाने काढत बसले आहे. शरमेने मान वर होत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चार वाजता अनंत नेहमीसारखा सोफ्यावर येऊन बसला. काळ्या टीव्हीसमोर. मी सांगितलं होतं कन्सोल नाहीये. तरी बसला. सहापर्यंत. मी रडले, पण स्वयंपाकघरात.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दारात पुष्कर, खांद्यावर सॅक, सॅकमध्ये त्याचा कन्सोल. तालिबने सांगितलं असणार. “मला या आठवड्यात वेळच नाही खेळायला, इथे राहू दे,” म्हणाला. जोडून दिला. माझ्या नावाने सुरू केला तर आमचा घोडा होता तिथेच उभा! जपून ठेवलेला खेळ कंपनीकडे असतो म्हणे, वर्गणीत तेही येतं.

मग पुष्कर पडद्याकडे पाहतच राहिला. “काकू, तुमची वर्गणी तर चालू आहे.”

माझी कानशिलं तापली. चोवीस दिवस मी सगळ्यांना तत्त्वज्ञान शिकवत होते.  तो म्हणाला, चहा छान झालाय. बस, एवढंच. मंडळात तो हे बोलणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे आणखीच पंचाईत. ज्याच्याशी महिनाभर भांडले, त्याच्याच उपकारात.

आम्ही खेळायला बसलो. एका कंट्रोलरवर दोन म्हातारे अंगठे बघून त्याने मोबाइल खिशात ठेवला. दोन दिवसांच्या खंडामुळे असेल, पण अनंतने आज घोडा पुन्हा भलतीकडे सोडला. मी हटकणार तेवढ्यात पुष्कर म्हणाला, “काका नकाशा भरतायत.” मग त्याने मला नकाशा उघडून दाखवला. आपण जिथे जातो तेवढा भाग रंगीत होतो, बाकीचा कोरा राहतो. मी कधी नकाशा उघडलाच नव्हता, मला रस्ता ठाऊक असायचा. नदीचा सगळा काठ रंगलेला होता. आग्नेयेचा एक मोठा तुकडा कोरा.

म्हटलं ना, मोजणी खात्याची सवय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

तालिबने कन्सोल दुरुस्त करून आणला, पैसे घ्यायला तयार नाही. डिस्कही वाचली. पट्टी काढून, पुसून, चालते. पुष्करचा कन्सोल तालिबबरोबर परत पाठवला, सोबत अक्षतासाठी डिस्क क्रमांक तीन आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत क्षमा मागितली आहे. वर्गणी भरू नको असं कुठेही लिहिलेलं नाही. तिला जे परवडतं ते ती करील, मी कोण सांगणारी.

पण एक नवंच निघालं. डिस्क दुबईची, तिला इकडचा जपून ठेवलेला खेळ ओळखू येत नाही. तालिब म्हणतो, कंपनीने देशांप्रमाणे वेगळे कप्पे केलेत. म्हणजे डिस्कवर खेळायचं तर पहिल्या पत्रापासून. कालचं सोळावं धरून दीड वर्षाची सोळा पत्रं पाण्यात.

तरी हरकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सतरावं पोचवतो की नाही बघा. अर्धवट तर मी कंपनीला काही परत करणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

मंडळाला दांडी मारली. जेवणं लवकर उरकून दोनलाच बसलो. शेवटचं पत्र होतं. वाट लांब, बर्फ, मग एक लाकडी पूल, आणि पलीकडे एकच घर, खिडकीत दिवा. पुलाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पावणेचार. मी म्हटलं, चला, पोचलोच.

घोडा हलेना.

मला वाटलं अंगठा घसरला. पाहिलं तर अंगठा दांडीवरच होता. मी म्हटलं, अहो, पुढे घ्या. “नको.” मी म्हटलं, दहा पावलं आहेत फक्त. “नको.” मग माझा तोल गेला. मी ओरडले, “अहो, आज शेवटची तारीख आहे, रात्री हे सगळं जाणार आहे, महिनाभर मी कशासाठी जीव काढतेय?” दोन वर्षांत मी त्याच्यावर ओरडले नव्हते. त्याचे डोळे भरले. पण अंगठा हलला नाही. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याशी एवढा हट्ट कधी केला नव्हता.

आणि मग त्याने घोडा वळवला. बर्फातून खाली, रस्ता सोडून, आग्नेयेला.  मी बटणं दाबत राहिले. त्या कोऱ्या तुकड्यात एक तळं निघालं, मग बोरूचं बन, मग नुसतं माळरान. काही मिळालं नाही, कुणी भेटलं नाही. त्याने ते सगळं बांधाबांधाने पालथं घातलं. सात वाजता मी नकाशा उघडला. कोरं काही उरलं नव्हतं. अनंत हसला. उजवीकडचा ओठ उचलत नाही, तरी हसला.

त्याला शेवट नकोच होता. त्याला रोज चार वाजता बाहेर पडायचं होतं. मी महिनाभर त्याला मुदत लावली. कंपनीने तीस तारीख दिली आणि मी तिची वसुली करत होते, माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याकडून. हे कळायला मला त्याच्यावर ओरडावं लागलं, याची लाज वाटते.

सतरावं पत्र आमच्याच पिशवीत राहिलं. कंपनीने ते खुशाल घेऊन जावं.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी खेळ गेलेला होता. नाव दिसतं, त्यावर कुलूप. मी वर्गणी बंद केली. खरोखर केली. पडद्याने चार वेळा विचारलं, नक्की का, काय काय गमवाल ते पाहा. चारही वेळा हो म्हटलं. मग पुष्करला फोन करून सांगितलं की महिनाभर मी खोटं बोलत होते, हे मंडळाला मीच रविवारी सांगणार आहे. तो म्हणाला, काकू, मी तरी नवा कन्सोल घेणारच. घे म्हटलं. भांडण चालू राहील.

तालिबच्या म्हणण्याप्रमाणे आमचा जुना कन्सोल अजून चार-पाच वर्षं ओढेल. आम्हा तिघांत आधी कोण बंद पडतंय ते बघू. कंपनीने त्यात पडू नये.

चारला डिस्क घातली. कपाटावरचं वेळापत्रक त्याआधीच काढून रद्दीत टाकलं होतं. पडद्यावर पहिलं गाव आलं, सतरा पत्रं, नकाशा कोराकरकरीत. सवयीने मी गावकऱ्याचं बोलणं पुढे ढकलायला बटणाकडे बोट नेलं. अनंतने दांडी सोडली आणि डावा हात पलीकडून आणून माझ्या बोटांवर ठेवला. बराच वेळ ओठ जुळवत होता.

“घाई,” म्हणाला. आणि मग, “नको.”

गावकरी हवेबद्दल आणि मेंढ्यांबद्दल बोलत होता. आम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलं. घोडा दुसऱ्या पत्रानंतर मिळतो, त्याला अजून कितीतरी अवकाश आहे. आज दोन तास आम्ही दोघं पायीच फिरलो.